मिलिंग मशीनला हुकूम कोणाचा?

आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे बहुधा कुलाब्याच्या किनाऱ्यापासून आणि तेलाच्या घाण्यापासून आरंभ करतात. तेथून पुढे सुतारकाम, गवंडीकाम, पलटण, आणि मग मुंबईतील रेल्वेची वर्कशॉपे, गोदी व गिरण्या. १९६०च्या दशकात मुंबईत ओ.आर.टी.ची तांत्रिक शाळा निघाली आणि आपली पुष्कळ मुले फिटर, टर्नर होऊन बाहेर पडली. त्यांतील बहुतेक इस्राएलला गेली, थोडी इकडे अमेरिकेत आली. त्या टर्नरांची मुले-नातवंडे आज कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनसमोर उभी आहेत, आणि काही घरांतून एक नवाच प्रश्न जेवणाच्या टेबलावर ऐकू येतो: सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

मी स्वतः परिचारिका. आयुष्य वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरात गेले. तेव्हा अमुक कंपनीचे घ्या, तमुक घेऊ नका, असा सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु या प्रश्नामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, तो अमेरिकेतच घडला, आणि तो वाचल्यावर मला असे दिसून आले की प्रत्येक पिढीत वाद एकच होता: यंत्राला दिलेला हुकूम कोणाच्या ताब्यात राहावयाचा? कारागिराच्या, कचेरीतल्या माणसाच्या, की सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या?

ज्यांनी असे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. वस्तूचे चित्र कॉम्प्युटरवर काढतात, त्या भागाला कॅड म्हणतात. ती वस्तू धातूच्या ठोकळ्यातून कोरून काढण्यासाठी कटरने कोठून शिरावे, किती खोल, किती वेगाने जावे, ही वाट ठरविणारा भाग म्हणजे कॅम. त्या वाटेला कारखान्यात टूलपाथ म्हणतात. ही वाट नंतर त्या-त्या यंत्राला कळेल अशा बोलीत उतरवावी लागते. ते काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला पोस्ट-प्रोसेसर, किंवा नुसतेच पोस्ट म्हणतात. आमच्या भाषेत सांगावयाचे तर डॉक्टरांचे निदान, औषधाची चिठ्ठी, आणि शेवटी मिनिटाला किती थेंब हे ठरवून लावलेली ड्रिप. चूक यांपैकी कोठेही झाली तरी भोगतो रोगीच.

या सर्वाची सुरुवात मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी या लहानशा गावात झाली. जॉन पार्सन्स हा तेथील कारखानदार दुसऱ्या महायुद्धात सिकॉर्स्की कंपनीच्या हेलिकॉप्टरांसाठी पंख्याची पाती बनवीत असे. पात्याचा वक्राकार नेमका हवा, तो थोडा चुकला तर पाते हवेत तुटावयाचे. मूळ नकाशावर वक्राचे मोजकेच बिंदू दिलेले असत. मधली रेघ कारागीर वक्रपट्टीने ओढी. पार्सन्सने फ्रँक स्टुलेन नावाचा इंजिनियर नेमला. स्टुलेनने आय.बी.एम.च्या कार्डे वाचणाऱ्या हिशेबयंत्रावर त्या वक्राचे बिंदू गणिताने काढले. एका साच्यासाठी दोनशे बिंदू निघाले.

आता हे बिंदू लोखंडात उतरवावयाचे कसे? एक माणूस कागदावरचे आकडे मोठ्याने वाची, दुसरा मिलिंग मशीनचे एक चाक त्या आकड्यापर्यंत फिरवी, तिसरा दुसरे चाक. असे बिंदूमागून बिंदू. मुलांना पाढे म्हणून दाखवावेत तसा हा प्रकार! पण साचा इतका नेमका निघाला की पार्सन्सच्या मनात आले, आकडे वाचणारा आणि चाके फिरविणारे काढून टाकले आणि कार्डेच थेट यंत्राला दिली तर? १९४९ साली अमेरिकन वायुदलाने त्याला या कामासाठी दोन लाख डॉलरचा ठेका दिला.

यंत्राची चाके आपोआप फिरविण्याचे तंत्र पार्सन्सपाशी नव्हते, म्हणून तो एम.आय.टी. या प्रसिद्ध संस्थेच्या सर्वोमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे गेला. मदतीला बोलावलेला पाहुणा हळूहळू घरमालक झाला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. प्रयोगशाळेला पार्सन्सच्या योजनेपेक्षा फार मोठे व फार महागडे यंत्र करावयाचे होते. वायुदलाशी तिचा सरळ संबंध जुळला आणि पार्सन्स बाजूला पडला. सप्टेंबर १९५२मध्ये एम.आय.टी.ने सिनसिनाटी कंपनीचे एक मोठे मिलिंग मशीन कागदी फितीवरील भोकांच्या हुकमाने चालवून दाखविले. त्याच्या नियंत्रकात शेकड्यांनी व्हॅक्यूम ट्यूबा होत्या. पार्सन्स आणि स्टुलेन यांनी त्याच वर्षी मे महिन्यात पेटंटसाठी अर्ज केला होता, ते १९५८मध्ये मिळाले; आणि १९८५ साली राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देऊन देशाने दोघांचा गौरव केला. न्याय मिळाला, पण तेहेतीस वर्षांनी.

त्याच सुमारास दुसरी एक वाट चालू होती, तिची आठवण आज कोणी ठेवीत नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने न्यूयॉर्क राज्यातील स्कनेक्टडी येथे १९४६-४७च्या सुमारास निराळी युक्ती काढली. कसबी कारागिराने पहिला नग स्वतःच्या हाताने कापावयाचा, त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवावयाच्या, आणि पुढचे नग यंत्राने ती फीत वाजवून काढावयाचे. म्हणजे गवयाचे गाणे रेकॉर्ड करून पुन्हा लावावे तसे. यात हुकूम देणारा कारागीरच राहतो. इतिहासकार डेव्हिड नोबल याने १९८४ साली 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथात असे मांडले की ही वाट मुद्दाम सोडून देण्यात आली, कारण व्यवस्थापकांना आणि लष्कराला कारागिराच्या हातातली सत्ता कचेरीत न्यावयाची होती.

नोबलचे म्हणणे मला अर्धे पटते. मालकांना काय हवे होते याचे पुरावे त्याने भरपूर दिले आहेत. जनरल इलेक्ट्रिकच्याच मॅसॅच्युसेट्समधील लिन येथील कारखान्यात १९६८ साली ऑपरेटरांच्या हाती जास्त अधिकार देऊन पाहण्याचा प्रयोग झाला आणि काही वर्षांनी व्यवस्थापनानेच तो गुंडाळला, ही हकिगत त्यानेच लिहिली आहे. पण हेलिकॉप्टरचे पाते किंवा विमानाच्या पंखाचे कवच कोणत्याही कसबी हाताने पहिल्यांदा तरी कसे कापावयाचे? जो वक्र हाताला जमतच नाही, त्याची फीत कशी भरणार? तेथे गणिताला पर्याय नव्हता. साध्या कामांना मात्र ती दुसरी वाट पुरली असती, आणि पुष्कळ लहान कारखाने वीस-पंचवीस वर्षे आधी पुढे आले असते, असे मला वाटते.

नवीन यंत्रे कोणी विकत घेईना, तेव्हा वायुदलाने १९५०च्या दशकाच्या मध्यास स्वतःच्या पैशाने शंभरावर यंत्रे घेऊन विमान कारखान्यांतून बसविली. यंत्रे बसली, पण फिती भरावयाच्या कोणी? एका अवघड भागासाठी हजारो बिंदूंचा हिशेब करावा लागे. एम.आय.टी.तील डग्लस रॉस या तरुण गणितज्ञाकडे १९५६च्या सुमारास हे काम आले. (रॉसचा जन्म चीनमधला, आईवडील दोघेही तेथे मिशनचे डॉक्टर होते. आम्हां दवाखान्यातल्या माणसांना असे तपशील का कोण जाणे लक्षात राहतात.) रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विमान कंपन्यांच्या इंजिनियरांना बरोबर घेऊन ए.पी.टी. नावाची भाषा तयार केली. कटर कोणत्या बिंदूवर आहे हे सांगण्याऐवजी या रेघेला धरून डावीकडे जा, त्या वर्तुळाला स्पर्श होईपर्यंत उजवीकडे जा, असे जवळजवळ बोलण्यासारखे हुकूम देता येऊ लागले. हिशेब कॉम्प्युटरने करावयाचा. २५ फेब्रुवारी १९५९ रोजी पत्रकारांना बोलावून ही भाषा जाहीर करण्यात आली, आणि प्रत्येकाला तिच्या साहाय्याने कोरलेला ॲल्युमिनियमचा एकेक ॲशट्रे भेट मिळाला. त्या काळात पत्रकार परिषदेत ॲशट्रेपेक्षा उपयोगी भेट दुसरी नसावी.

ए.पी.टी.ने एक शहाणपणाची गोष्ट केली, तिच्यावर आजचा सगळा बाजार उभा आहे. कटरची वाट आधी सर्वसाधारण स्वरूपात काढावयाची, आणि शेवटी प्रत्येक यंत्रासाठी वेगळा पोस्ट-प्रोसेसर लावून ती त्याच्या बोलीत उतरवावयाची. म्हणजे यंत्र बदलले तरी मूळ काम फुकट जात नाही. १९७४मध्ये ए.पी.टी.ला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. मात्र ती चालविण्यासाठी आरंभी आय.बी.एम.चा ७०४ हा खोलीभर पसरणारा कॉम्प्युटर लागे. बोईंग किंवा लॉकहीडला ते परवडे. गल्लीतल्या पाच माणसांच्या मशीन शॉपला केवळ ऐकीव माहिती.

पॅट्रिक हॅनरॅटी या इंजिनियराने १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये प्राँटो नावाची अशीच एक प्रणाली केली होती. पुढे त्याने स्वतःची कंपनी काढली, ती बुडाली. कारण असे सांगतात की त्याचे सॉफ्टवेअर फारसे कोणापाशी नसलेल्या कॉम्प्युटरसाठी आणि फारशा कोणाला न येणाऱ्या भाषेत लिहिलेले होते. त्यावरून धडा घेऊन त्याने १९७०च्या दशकाच्या आरंभी ॲडम नावाचे नवे सॉफ्टवेअर फोर्ट्रान भाषेत लिहिले, म्हणजे बहुतेक कोणत्याही कॉम्प्युटरवर ते चालावे. ॲडमच्या वंशातून पुढे कितीतरी कॅड प्रणाली निघाल्या.

गल्लीतल्या शॉपचा दिवस उगवला तो निराळ्या दिशेने. कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट शहरात स्वीडनहून आलेल्या बॅनो आणि वॉलस्ट्रॉम या दोघांनी १९३८ साली एक आटोपशीर मिलिंग मशीन काढले होते. तिच्या डोक्याचे पहिले चित्र बॅनोने कागदी पिशवीवर काढले, असे सांगतात. 'ब्रिजपोर्ट' हे नाव अमेरिकेत, आणि तुमच्या ओळखीच्या कोणत्याही जुन्या मशीनिस्टाला विचारा, मुंबईतसुद्धा, मिलिंग मशीनला जवळजवळ सामान्यनाम झाले. १९७०च्या दशकात स्वस्त मायक्रोप्रोसेसर आले आणि अशा लहान यंत्रांनाही कॉम्प्युटरचा नियंत्रक बसू लागला. १९८१मध्ये आय.बी.एम.चा पी.सी. आला, १९८२मध्ये ऑटोकॅड आले, आणि १९८३मध्ये समर्स कुटुंबाने मास्टरकॅमची कंपनी काढली. कॅलिफोर्नियाच्या जीन हास यांच्या कंपनीने १९८८ साली शिकागोच्या प्रदर्शनात पन्नास हजार डॉलरच्या आतले उभे मशीनिंग सेंटर मांडले. आता एका गॅरेजमध्ये बसून माणूस विमानाचा भाग कापू शकत होता. १९९५मध्ये सॉलिडवर्क्स आले; त्याच्या संस्थापकाने आरंभीचे भांडवल एम.आय.टी.च्या पत्ते खेळणाऱ्या मंडळींबरोबर ब्लॅकजॅकमध्ये जिंकलेल्या पैशातून उभे केले. आपल्या वडीलधाऱ्यांनी असे भांडवल पसंत केले असते की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

यंत्राची बोली मात्र जुनीच राहिली. तिला जी-कोड म्हणतात. जी शून्य म्हणजे झपाट्याने सरक, जी एक म्हणजे ठरलेल्या वेगाने कापत सरळ जा, जी दोन म्हणजे घड्याळाच्या दिशेने कमान काढ. १९७९-८०च्या सुमारास तिचे मानकही ठरले, तरी फानुकची बोली वेगळी, हासची थोडी वेगळी, हायडनहाइनची तर बरीच वेगळी. अलिबागची मराठी आणि नागपूरची मराठी म्हणा ना. पोस्ट चुकीचा निघाला तर इंचाचे मिलिमीटर होतात, किंवा कटर सरळ व्हाइसवर जाऊन आदळतो. म्हणून जाणते लोक सॉफ्टवेअर पाहताना पडद्यावरची रंगीत चित्रे शेवटी पाहतात आणि पहिला प्रश्न विचारतात, माझ्या यंत्राचा पोस्ट आहे काय, आणि बिघडला तर तो कोण दुरुस्त करणार?

माझ्या क्षेत्राचा या सर्वाशी संबंध इंडियाना राज्यातील वॉर्सा या गावाने येतो. वस्ती जेमतेम पंधरा हजार, पण थिएटरातील प्रत्येक नर्सने या गावाचे नाव खोक्यांवर वाचलेले आहे. येथे १८९५ साली डीप्यू याने हाड मोडलेल्या रोग्यांसाठी स्प्लिंट बनविण्याचा कारखाना काढला, १९२७मध्ये झिमर निघाली, १९७७मध्ये बायोमेट. गुडघ्याचे, खुब्याचे कृत्रिम सांधे, हाडाच्या पट्ट्या आणि ते बसविण्याची हत्यारे यांचे हे माहेरघर. मोठ्या कंपन्यांभोवती लहान-लहान मशीन शॉपे वाढली. टायटॅनियमचा किंवा कोबाल्ट-क्रोमचा तो वळणदार भाग कापण्यासाठी पाच अक्षांची यंत्रे लागतात, आणि पाच अक्षांची वाट कोणी हाताने लिहीत नाही.

आणि येथे सॉफ्टवेअर बदलणे म्हणजे नुसता खर्च नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ साली काढलेल्या नियमांत असे होते की उपकरणे बनविण्याच्या कामात वापरलेले सॉफ्टवेअर त्या कामाला योग्य आहे हे कारखान्याने तपासून, लिहून ठेवले पाहिजे. तत्त्व आजही तेच आहे. म्हणजे सॉफ्टवेअर बदलले, किंवा विक्रेत्याने रात्रीतून नवी आवृत्ती घातली, की निदान तपासून पाहावे लागते की कालचा गुडघा आणि आजचा गुडघा एकच आहे. मी ज्यांच्या शेजारी उभी राहिले त्या शेकडो रोग्यांपैकी कोणाला हे ठाऊक नव्हते. मलाही नोकरी संपल्यावर कळले.

गेल्या पंधरा वर्षांत वाद पुन्हा पेटला तो विकत घेणे आणि भाड्याने घेणे यावरून. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा घेतले की कॉम्प्युटर चालेतोवर आपले. ऑटोडेस्क कंपनीने २०१६च्या आरंभापासून आपल्या बहुतेक वस्तू कायमच्या विकणे बंद करून वर्षाच्या वर्गणीवर आणल्या. तिनेच डेन्मार्कचे एच.एस.एम.वर्क्स २०१२मध्ये आणि इंग्लंडची डेलकॅम २०१४मध्ये विकत घेतली होती. मास्टरकॅमची कंपनी २०२१मध्ये स्वीडनच्या सँडविकने घेतली. तेव्हा आज ज्याच्याशी व्यवहार केला तोच उद्या राहील याची खात्री नाही. ऑटोडेस्कचे फ्यूजन हे सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी फुकट होते आणि हजारो हौशी व होतकरू कारागीर त्यावर शिकले. ऑक्टोबर २०२०पासून फुकट वापरावर बंधने आली: एका वेळी दहाच फाइली, कटर आपोआप बदलण्याची सोय बंद, आणि जी शून्यची झपाट्याची चालही बंद, म्हणजे कटर मोकळ्या हवेतूनसुद्धा कापण्याच्या वेगानेच रांगत जाणार. स्टेप फाइल बाहेर काढण्याची सोयही जाणार होती, पण लोकांनी एवढी ओरड केली की ती ठेवावी लागली. कंपनीने फुकट दिलेले तिला परत घेण्याचा हक्क आहे, यात शंका नाही. पण स्टेपसाठी झालेली ओरड योग्यच होती. स्टेप हे १९९४पासूनचे आंतरराष्ट्रीय मानक. त्या फाइलीत आपली वस्तू एका सॉफ्टवेअरमधून काढून दुसऱ्यात नेता येते. ते दार बंद झाले तर स्वतःच्या घराला दुसऱ्याचे कुलूप.

उलट दिशेचेही काम याच देशात झाले आहे. सरकारी मानक संस्थेने १९९०च्या दशकात यंत्र चालविणारा एक नियंत्रक प्रोग्रॅम लिहिला. सरकारी काम म्हणून तो सर्वांना खुला होता. स्वयंसेवकांनी तो पुढे वाढविला, आज लिनक्स-सी.एन.सी. या नावाने तो अनेक जुनी यंत्रे चालवितो. चित्र आणि वाट दोन्ही काढणाऱ्या फ्रीकॅडची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४मध्ये आली. साध्या तीन अक्षांच्या कामाला ते पुरते असे जाणकार म्हणतात. पाच अक्षांच्या रोजच्या धंद्याला अजून पैसे मोजावे लागतात.

माझा एक भाचा न्यू जर्सीत सहा माणसांचे शॉप चालवितो. त्याने निवड कशी केली ते सांगण्याजोगे आहे. विक्रेत्यांचे पडद्यावरील खेळ पाहण्यास त्याने नकार दिला आणि प्रत्येकाला एकच सांगितले: माझा हा जॉब घ्या, तुमच्या सॉफ्टवेअरने वाट काढा, आणि माझ्या यंत्रावर, माझ्यासमोर ॲल्युमिनियममध्ये कापून दाखवा. एकाची चित्रे सर्वांत सुंदर होती, परंतु त्याचा प्रोग्रॅम यंत्राने तिसऱ्या ओळीवरच नाकारला. ज्याची निवड झाली त्याचे भाडे वर्षाला द्यावे लागते, म्हणून भाच्याने जुने, कायमचे विकत घेतलेले सॉफ्टवेअर एका जुन्या कॉम्प्युटरवर तसेच ठेवले आहे. त्यात पंधरा वर्षांचे जॉब आहेत. प्रत्येक जॉबचे चित्र स्टेपमध्ये आणि तयार जी-कोड साध्या फाइलीत, असे दोन्ही तो वेगळे जपून ठेवतो.

त्याच्याकडे एक पोर्तुगीज मशीनिस्ट आहे, चाळीस वर्षांचा अनुभव. नुसत्या आवाजावरून त्याला कळते की कटर बोथट होतो आहे. तो पुढल्या वर्षी निवृत्त होणार. भाच्याने त्याला प्रोग्रॅम करणाऱ्या मुलीशेजारी सलग आठ दिवस दुपारी बसविले आणि कोणत्या धातूला कोणता कटर, किती फेरे, किती वेग, हे सर्व तिच्याकडून सॉफ्टवेअरच्या टूल-यादीत भरून घेतले. आम्ही ड्यूटी बदलताना रोग्याची हकिगत सांगत असू, तसेच. यादी पुरी झाल्यावर त्याने विक्रेत्याला फोन करून विचारले, उद्या तुमचे सॉफ्टवेअर सोडले तर ही यादी मला बाहेर काढता येईल काय? विक्रेत्याने उत्तरासाठी दोन दिवसांची मुदत मागितली.